सोता पाह्यलं काय?

चष्मा कपाळावर ढकलायचा, पेन्सिलीच्या बुडानं टेबलावर दोनदा टकटक करायची आणि विचारायचं, "काकू, सोता पाह्यलं काय?" चहात साखर टाकली म्हटलं तरी हेच. असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. नसेल तर तुमचं नशीब.

आर्णीत आमचं इंटरनेट जोडणीचं ऑफिस. लाइनवर गर्दी झाली की कुणाचं काम आधी सोडायचं, कुणाला थांबवायचं, याचे दहा-बारा पर्याय असतात. कोणता पर्याय कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो, त्याचा तक्ता तो करी आणि मी टाइप करी. टायपिंग माझं मीच शिकले, बरं का. चाललं तर बरोबरची खूण, नाही चाललं तर फुली, तपासलंच नसेल तर रकाना रिकामा. तक्त्याखाली तपासणारा म्हणून त्याचं नाव.

"हे रिकामं बरं नाही दिसत रे," मी म्हणायची.

"दिसू द्या न काकू. रिकामा रकाना खोटं तं बोलत नाही."

एकेका खुणेसाठी तो जुनाट कॉम्प्युटरपुढे दिवसभर बसे. डब्यातली भाकर वाळून जाई.

मग एका कॉलेजचे प्राचार्य आमचं काम पाहायला येणार, असं ठरलं. मालकानं तक्ता पाहिला. "एवढी भोकं? सगळीकडे बरोबर टाका बाई. अन् खाली याचं नाव कायले?"

"तपासल्याबिगर नाही, साहेब," तो म्हणाला. त्याच दुपारी मालकानं त्याला घरी बसवलं.

खुणा कुणी टाकल्या? मी. नावही मीच काढलं. जाताना तो मला एवढंच म्हणाला, "काकू, जुना कागद फाडू नका." तो मी पदराआड घरी नेला.

प्राचार्य आले. मालकानं ऐटीत पडद्यावर शिकवणीचा व्हिडिओ लावला, सोबत मोठ्या फायली उतरवायला लावल्या. व्हिडिओचा नंबर आधी, असा पर्याय निवडला होता. जुन्या सिस्टीमला तो कळतच नव्हता. तिनं मुकाट्यानं सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलं. पडद्यावरचे मास्तर तोंड उघडं ठेवून थिजले.

घाम पुसत मालकानं घरी बसवलेल्या त्यालाच फोन लावला, तोही स्पीकरवर.

"अरे, चालून नाही राह्यलं!"

"तक्त्यात काय हाय, साहेब?"

"चालते म्हणून लिहिलं हाय!"

"मंग चालत असंल. सोता पाह्यलं काय?"

प्राचार्य हसले. माझं तेवढ्यानं भागणार नव्हतं. सकाळी घरून आणलेला जुना कागद पिशवीतून काढला, त्यांच्यापुढे ठेवला. "खरा तक्ता हा, सर. बाकीच्या खुणा मालकानं मले टाकायला लावल्या. मी टाकल्या." मालकाचं तोंड पाहून जो आनंद झाला, तो देवापुढे सांगायलाही मी लाजत नाही.

प्राचार्यांनी त्याला आपल्या कॉलेजात नेलं. आता तो लांब, फोनही क्वचित. मालक मला काढणार होता. पण बाकीचे तक्ते कुठे आहेत, ते एकट्या मलाच ठाऊक.

तो कागद मी मालकाच्या खुर्चीमागच्या भिंतीवर खळीनं चिकटवलाय. त्यानं नखांनी खरवडून पाहिलं. एक कोपरा तेवढा निघाला. नाव शाबूत आहे, रिकामे रकानेही.

रोज मालक आत येतो. मी चष्मा कपाळावर ढकलते आणि पेन्सिलीच्या बुडानं टेबलावर दोनदा टकटक करते.