मामांच्या होडीची ट्रायल

आमचे मामा शिंपी. गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या. त्यामुळे मामींशी भांडताना ते कायम हरायचे. टाचण्या काढून होईपर्यंत मामींचं बोलून झालेलं असायचं.

अशा माणसाने उतारवयात एक जुनी शिडाची होडी विकत घेतली. चौघे बसले तर पाचवा रुसावा, एवढीशी. कुठल्याशा शेडमध्ये वर्षानुवर्षं कोरडी पडलेली. मामींनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "रविवारी मी हिच्यात बसणार. मी बसल्यावर आत थेंब जरी आला, तर सुताराला बोलावून हिच्या फळ्यांची स्वयंपाकघरात मांडणी करून घेईन. सांगून ठेवते."

मामा कामाला लागले. जुना रंग खरवडला, कुजलेली फळी बदलली. फटींत कापसाचा पीळ असा बसवला, जणू नवरदेवाच्या कोटाची काजंच करताहेत. वरून निळा रंग आणि काठाला लाल पट्टी. तिला ते पायपिंग म्हणत. नव्या शिडाला तर त्यांनी खिसाही लावला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"चष्मा ठेवायला. तलावात खुंटी असते का?"

एवढं झाल्यावर एका म्हाताऱ्या नावाड्याने होडी पाहिली. "रंग झकास. पण लाकूड आकसलंय. काठाशी बुडवून ठेवा. पाणी पिऊन फुगलं, की फटी आपोआप मिटतील."

"कापड भिजलं की आटतं, आणि हे फुगतं?" मामा खूश झाले. "उलट्या डोक्याचं गिऱ्हाईक आहे!"

आम्ही होडीत दगड भरले आणि ती उथळ पाण्यात बुडवली. नेमकी बाजारातून परतताना मामींना ती दिसली. पाण्यावर फक्त लाल पायपिंग. त्या तडक दुकानात आल्या.

"बुडवलीत ना अखेर? तरी मी सांगत होते!"

मामांच्या ओठांत दोन टाचण्या होत्या. त्यांनी शांतपणे आणखी चार ठेवल्या. मी तोंड उघडलं, तर टेप टाकून ते माझ्याच गळ्याचं माप घ्यायला लागले.

मामींनी गल्लीभर आमंत्रणं दिली. सुताराला करवत घेऊनच यायला सांगितलं. रविवारी तलावाकाठी ही गर्दी! मामांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, दगड काढले, बादलीने पाणी उपसलं. होडी हळूहळू वर आली. मामांनी तळ फडक्याने कोरडा केला आणि मामींपुढे हात केला.

"या. ट्रायल घेऊ."

मामींनी गर्दीकडे पाहिलं. सगळी माणसं त्यांनीच बोलावलेली. आता पळणार कुठे? चपला हातात घेऊन त्या बसल्या. शिडात वारा भरला, खिसा फुगला, होडी निघाली. साऱ्या फेरीत मामींनी तलाव पाहिलाच नाही. त्या वाकून एकेक फट बोटाने चाचपत होत्या. तळ कोरडा ठणठणीत.

काठाला लागताच सुताराने विचारलं, "वहिनी, मग मांडणीचं काय?"

"करायचीच आहे. लाकूड तुमचं आणा." मग त्या मामांकडे वळल्या. "आणि तुम्ही कुठे उतरताय? एवढी माणसं बोलावलीत मी. फिरवून आणा सगळ्यांना!"

दिवसभर मामांनी अख्खी गल्ली फिरवली. पुढची जागा मात्र मामींनी शेवटच्या फेरीपर्यंत कुणाला दिली नाही.