लायल आणि अर्लचं पेपरातलं भांडण

लायल हाउगेन मिनेसोटातल्या एका गोठ्यावर वाढला. धारा काढून मग शाळेत जायचा, त्यामुळे मनगटं दणकट. डावखुरा पिचर म्हणून तो आमच्या बेसबॉलच्या संघात आला तेव्हापासून मी त्याचा कॅचर. तो चेंडू टाकायचा आणि मी समोर उकिडवा बसून झेलायचो. त्याचं बोलणं अगदी मोजकं. हॉटेलात वेटरने काय आणू विचारलं तरी हा मेन्यूवर बोट ठेवायचा.

आमचा मॅनेजर अर्ल डॉबिन्स, ओक्लाहोमाचा; आम्ही सगळे त्याला स्किप म्हणायचो. लायल पोरसवदा होता तेव्हा खालच्या लीगमध्ये अर्लनेच त्याला घडवलं होतं. लायलच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभा राहिला तोही अर्लच. हे सगळ्या संघाला ठाऊक होतं, पण त्याची बातमी कधी झाली नाही.

जुलैमधल्या एका दुपारी सातव्या इनिंगमध्ये लायल थकला. आमच्या खेळात पिचर बदलायचा तर मॅनेजर स्वतः मैदानात येतो आणि हात पुढे करतो. पिचरने चेंडू त्या हातावर ठेवायचा आणि निघायचं. अर्ल दुखऱ्या गुडघ्याने लंगडत आला. लायलने चेंडू पाठीमागे धरला. मी शेजारीच उभा होतो.

"आण इकडे," अर्ल म्हणाला.

"एकच फलंदाज, स्किप. याला मी ओळखतो."

"मी तुझ्या कोपराला ओळखतो. आण."

"कोपर ठीक आहे."

"उद्या तुझी बायको मला फोन करेल, तिला काय सांगू? आण म्हणतो ना!"

लायलने चेंडू त्याच्या तळव्यावर आपटला आणि मैदानाच्या कडेला खेळाडू बसतात त्या डगआउटमध्ये जाऊन ग्लव्ह बाकावर फेकला. एवढंच झालं. सामना संपल्यावर दोघं एकाच टेबलावर जेवत होते आणि अर्लच्या ताटातली काकडीची लोणची लायल उचलत होता.

सकाळी पेपरात भला मोठा फोटो आला. लायलचं तोंड उघडं, अर्लचं बोट त्याच्यावर रोखलेलं. ते बोट कोपराकडे होतं, पण फोटोत कोपर आलंच नव्हतं. रेडिओवर दिवसभर एकच चर्चा, संघ नेमका चालवतो कोण? लोक फोन करून बाजू घेत होते. एक निवृत्त खेळाडू, जो या दोघांना आयुष्यात कधी भेटला नव्हता, म्हणाला की ही आग बरेच दिवस धुमसत होती.

दुसऱ्या दिवशी पेपरचा बातमीदार मॉर्ट फेल्डकँप कपडे बदलायच्या खोलीत लायलच्या खुर्चीशी आला. "तुम्ही दोघं एकमेकांशी बोलता का?"

"आम्ही फार बोलत नाही," लायल म्हणाला. तो कोणाशीच फार बोलत नसे.

मथळा आला, 'आम्ही बोलत नाही: हाउगेन'. मी मॉर्टला गाठलं.

"तो बोलला तेच मी लिहिलं," मॉर्ट म्हणाला. "मथळा मी देत नाही."

अर्लने सांगितलं की काहीही घडलेलं नाही. त्याचं झालं 'डॉबिन्सची सारवासारव'. लायलच्या आईचा फोन आला.

"अर्लची माफी माग," ती म्हणाली.

"आई, काही झालेलंच नाही."

"मग ते रेडिओवाले काय वेडे आहेत?"

मालकांनी दोघांना कॅमेऱ्यांपुढे हात मिळवायला लावले. दुसऱ्या दिवशी चर्चा झाली की हात मिळवले खरे, पण नजर मिळवली नाही.

तिथून दोघंही जपून वागायला लागले. शेजारी बसले तर समेट, लांब बसले तर अबोला, काहीही केलं तरी बातमी व्हायची. म्हणून बसमध्ये अर्ल पुढे बसायचा आणि लायल पार मागे. जेवणाच्या टेबलावरही मध्ये माणसं आली. मैदानात जाऊन चेंडू मागायची वेळ आली की अर्ल आपल्या मदतनिसाला पाठवू लागला.

ऑगस्टमध्ये एका सामन्यात लायल प्रत्येक चेंडूनंतर डावा हात झटकत होता. मी डगआउटकडे पाहिलं. मदतनीस त्या दिवशी तापाने घरी होता. अर्लने मैदानात यायच्या पायरीवर एक पाय ठेवला होता आणि कॅमेरे लगेच त्याच्याकडे वळले होते. तो तिथेच थांबला. मी लायलजवळ गेलो.

"हात कसा आहे?"

"टाकतोय ना."

"स्किपला बोलावू?"

"नको. परत तमाशा होईल."

पुढचा चेंडू माझ्यापर्यंत पोचलाच नाही, मध्येच मातीत आपटला. लायल कोपर धरून गुडघ्यांवर बसला. लंगडणारा अर्ल माझ्या आधी त्याच्याजवळ पोचला.

त्या संध्याकाळी रेडिओवर प्रश्न होता, हाउगेनला मुद्दाम मैदानात ठेवून डॉबिन्सने सूड उगवला का?

दवाखान्यात अर्ल खाटेशेजारी टोपी हातात घेऊन बसला. "मी निघालो होतो रे. पायरीवर होतो."

"पाहिलं मी."

"मग हात तरी वर करायचास."

"तुम्ही तरी यायचं होतंत."

"तूच आधी चेंडू लपवलास. तिथूनच सगळं सुरू झालं!"

"मग मला मदतनिसाच्या हाती कशाला सोपवलंत?"

आवाज चढले. नर्सने आत डोकावून दोघांना दटावलं. त्यांना खरोखर भांडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. तिथे कॅमेरा नव्हता.

शस्त्रक्रिया झाली, पण चेंडूतला वेग परत आला नाही. लायल भावाच्या गोठ्यावर परतला. मोसम संपल्यावर अर्ललाही काढलं. तो आख्खा हिवाळा त्यांनी एकमेकांना फोन केला नाही. रेडिओवाल्यांना तोवर दुसरी जोडी सापडली होती.

वसंतात लायलच्या बायकोने, इंग्रिडने, नवऱ्याला न विचारता अर्लला बोलावून घेतलं. तो गाडी चालवत आला, ओट्यावर बसला. लायलने आतून दोन कप कॉफी आणली. त्याची बोटं अजून नीट मिटत नव्हती, म्हणून एक कप हिंदकळला. अर्लने उठून तो त्याच्या हातातून घेतला. मग तो आठवडाभर राहिला आणि गोठ्याचं मोडलेलं दार दोघांनी मिळून बसवलं.