कारणाचा रकाना

अफजलपूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात शेवंताबाई नर्स होत्या. मूल मेलेलं जन्मलं की ते तोलायचं, वहीत नोंदवायचं आणि शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं, हे काम त्या बहात्तर सालापासून करत होत्या. डॉक्टर बहुधा ‘कारण अज्ञात’ लिहायला सांगत. अज्ञाताची चौकशी होत नाही.

त्या दुपारी सिद्धव्वाचं बाळ निपचित जन्मलं. तिच्या पोटावर वहाणेचा निळा वळ होता. शेवंताबाईंनी लिहिलं : नवऱ्याची लाथ.

“बाई, लाथ हा काय रोग आहे? खोडा ते!” डॉक्टर म्हणाले.

“साहेब, तालुक्यात हिवतापापेक्षा जास्त पसरलाय.”

दाराशी उभ्या असलेल्या कल्लप्पानं, सिद्धव्वाच्या नवऱ्यानं, हे ऐकलं.

“माझ्या घरचं वहीत कामून लिवायलीस गं?” म्हणत त्यानं शेवंताबाईंचं डोकं टेबलावर आपटलं आणि पान फाडायला वही ओढली. त्या वही पोटाशी धरून जमिनीवर पालथ्या झाल्या. मग लाथा पाठीत बसल्या. दवाखान्याच्या दोघा शिपायांनी त्याला ओढून नेईपर्यंत सात बसल्या. मोजायची त्यांना सवयच होती.

नाकाचं रक्त पुसून त्यांनी वही डॉक्टरांपुढे ठेवली. पान शाबूत होतं. डॉक्टरांनी सही केली. रोग त्यांनी आता डोळ्यांनी पाहिला होता.