साबणाचा आळ

त्या सकाळी मावशीच्या डोक्यावर आधण ठेवलं असतं तर उकळलं असतं, अशी ती तापली होती.

सव्वीस वर्षं ती प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुते. सगळे तिला मावशीच म्हणतात, तिच्याहून चार वर्षांनी थोरले असलेले साहेबसुद्धा. तिथे कर्करोगावर औषध शोधतात. ऱ्हेनियम म्हणून एक जड, दुर्मीळ धातू असतो. नाव घेताना कवळी निसटावी असा. त्याला दुसऱ्या पदार्थांची जोड देऊन औषध बनवायचं आणि काचेच्या ताटलीत वाढवलेल्या रोगाच्या पेशींवर घालून बघायचं. माणसापर्यंत पोचायला अजून पुष्कळ अवकाश.

तर झालं असं, की औषध तेच, माप तेच, पण सहांपैकी तीन ताटल्यांतल्या पेशी मेल्या आणि उरलेल्या तीन ताटल्यांतल्या खुशाल नांदत राहिल्या. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "मावशी, ताटल्यांना साबण राहिला. त्यानंच मेल्या. वय झालं तुमचं. सोमवारपासून यंत्र धुईल."

"साबण? साहेब, माझी सख्खी बहीण याच दुखण्यानं नेली. मी साबण ठेवीन?"

"मुद्दाम केलंत असं नाही म्हणत मी."

"म्हणजे गबाळी म्हणता! ते काय कौतुक झालं?"

तीनदा नळाचं पाणी, तीनदा शुद्ध केलेलं, मग ताटली उजेडात धरायची. एक थेंब जरी चिकटून राहिला तरी पुन्हा पहिल्यापासून. अशी तिची रीत. शाळा दुसरीपर्यंतच, म्हणून तारखेऐवजी ती ताटलीच्या बुडाला खूण करी: एका दिवशी टिंब, एका दिवशी रेघ, एका दिवशी चांदणी. तिनं सहाही ताटल्या टेबलावर पालथ्या आपटल्या. सहाही चांदण्या!

"एकाच दिवशी, एकाच हातानं धुतल्यात. साबण काय निवडून तिघींनाच चिकटला?"

औषध घालणारी संशोधक पोरगी पांढरीफटक पडली. "सर, ताटल्या झाकायचा चंदेरी कागद संपला होता. तीन ताटल्या गुंडाळल्या, तीन तशाच खिडकीजवळ ठेवल्या. मेल्या त्या उघड्या होत्या. पण औषध न घातलेली सातवी ताटलीही खिडकीतच होती, ती जिवंत आहे."

प्रयोग पुन्हा केला. पुन्हा तेच. साहेब उड्या मारायला लागले, "औषध अंधारात झोपतं, उजेडात जागं होतं! उद्या नुसत्या गाठीवर उजेड पाडला तर औषध तेवढ्यापुरतंच काम करील!" टाळ्या झाल्या. पोरीची पाठ थोपटली. मावशीकडे कुणी बघितलंही नाही.

मावशीनं बादली दणकन खाली ठेवली. टाळ्या थांबल्या.

"आळ सगळ्यांदेखत घेतलात साहेब. उतरवायचाही सगळ्यांदेखत."

साहेबांनी चष्मा काढला. "चुकलं माझं, मावशी. यंत्र येणार नाही."

एवढ्यावर राग निवेल तर ती मावशी कसली! तिनं ब्रश त्यांच्या हातात दिला. "मग धुवा एक."

साहेबांनी बाह्या सरसावल्या. तीनदा नळाचं, तीनदा शुद्ध. ताटली खिडकीकडे धरली.

मावशीनं डोळे बारीक केले. "तो बघा थेंब. परत."