मेलेल्या माशाजवळचा किडा

लोक एकमेकांना पाण्यात पाहतात. माझा थोरला भाऊ किड्यांना पाण्यात पाहायचा, आणि त्यावरच त्याचं घर चालायचं. बाजारात त्याचं खाऱ्या पाण्यातल्या शोभेच्या माशांचं दुकान. मासे विकण्यापेक्षा निवाडे करण्यातच त्याचा दिवस जायचा. घरच्या काचेच्या टाकीत काही वळवळलं की गिऱ्हाईक ते बरणीत घालून धापा टाकत येई, आणि दादा बरणी उजेडाला धरून भिंग लावी. सगळे त्याला किडेमास्तर म्हणायचे. मी त्याची धाकटी बहीण, गल्ल्यावर बसणारी, त्यामुळे हे निवाडे मला तोंडपाठ.

काचेला चिकटलेले, गंजाच्या ठिपक्यांसारखे चपटे किडे असले तर तो म्हणे, "हे वाईट. पण सगळे एकदम मारू नका, मरताना विष सोडतात. नळीनं हळूहळू ओढून काढा." जाडजूड, पांढऱ्या केसांचे दाट झुबके आणि त्यांत लालसर तुरे असलेला निघाला, की दादाच्या कपाळाला आठ्या. "हा प्रवाळ खातो. चिमट्यानं उचला, बोट लावाल तर आग आग होईल."

पण बहुतेक बरण्यांत असायचा तो तिसराच. बारीक, फिकट गुलाबी, दोन्ही अंगांना विरळ केस. गिऱ्हाईक दातओठ खात सांगे, "मास्तर, यानंच माझा मासा मारला. खाताना मी डोळ्यांनी पाहिलाय!"

"मारताना पाहिलात का?" दादा शांतपणे विचारी. "नाही ना? मासा आधीच मेला होता. हा बिचारा साफसफाईला आला. हा नसता तर मासा सडून सगळं पाणी नासलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका." असे किती संन्यासी त्यानं वाचवले याची मोजदाद नाही.

मग वहिनी हृदयाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली. दादाची एकुलती एक लेक आपला संसार बाजूला ठेवून, लहान मुलीला घेऊन आईपाशी येऊन राहिली. औषधं, पथ्य, कूस बदलणं, सगळं तिच्याकडे. दादा संध्याकाळी दारातूनच "कशी आहे?" विचारायचा आणि उत्तर ऐकायला थांबायचा नाही. भित्रा होता तो. मी त्याला तसं तोंडावर सांगितलंय.

एका दुपारी दुकानात निरोप आला. आम्ही धावत घरी पोचलो तेव्हा वहिनी गेली होती. लेक उशाशी बसलेली, हातात औषधाचा चमचा तसाच. दारात शेजारीपाजारी उभे. दादानं तिच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "काय पाजलंस तिला? तूच मारलंस माझ्या बायकोला."

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी समजावलं. हृदयच थकलं होतं, औषध बरोबर होतं, उलट पोरीनं केलं म्हणून एवढे महिने निघाले. दादानं ऐकून मान हलवली, पण लेकीशी चकार शब्द बोलला नाही. ती मुलीला कडेवर घेऊन निघून गेली. त्यानंतर तिचा फोन नाही की निरोप नाही. दादा जेवायला बसला की तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहायचा. माझं रक्त उकळायचं, पण त्याची ती दशा पाहून मी गप्प बसायचे, आणि गप्प बसणं माझ्या रक्तात नाही.

एके दिवशी एक बाई मेलेला मासा आणि गुलाबी किडा घेऊन आल्या. दादानं नेहमीचं सुरू केलं, "मारताना पाहिलात का?" बाई गेल्यावर मला राहवलं नाही.

"किड्याला एवढा न्याय देतोस, दादा. पोटच्या पोरीला का नाही दिलास?"

तो स्टुलावर बसला आणि हुंदके देऊन रडला. मग उठून शटर ओढलं. "चल माझ्याबरोबर," म्हणाला, "एकट्याचा माझा धीर होणार नाही."

दार लेकीनंच उघडलं. पाणी दिलं, "आत्या, गुडघे कसे आहेत?" म्हणून विचारलं. आत नात तापानं फणफणली होती. दादानं हात जोडले. "चुकलं माझं, बाळा. तुझा काही दोष नव्हता. मला तेव्हाही कळत होतं."

"मलाही कळतं, बाबा. राग नाही माझा."

दादाचा चेहरा किती दिवसांनी सैल झाला. मलाही वाटलं, सुटलो एकदाचे. तेवढ्यात तिनं घड्याळ पाहिलं, फळीवरून औषधाची बाटली आणि चमचा काढला आणि दादासमोर धरला.

"एवढं तिला पाजता का? हे अजून कामावरून यायचेत. नाहीतर मी शेजारच्या काकूंना बोलावते."

"अगं, तू इथे असताना..."

"मी नाही देत कुणाला औषध," ती म्हणाली. "हातच उचलत नाही, बाबा."

दादानं बाटली घेतली, पण त्याला काही ती उघडता येईना. शेवटी नातीला मी पाजलं. ती आईसाठी रडत होती, आणि आई दारापाशी उभी राहून दुरूनच तिला म्हणत होती, "झालं हं, झालं."