वर निखारे, खाली निखारे

"घरात काय नाय ते नको सांगू बाय, काय हाय ते सांग."

आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून, ओढणी कमरेला खोचत आपा असं म्हणायच्या आणि उत्तराची वाट न बघता डबे उघडायला लागायच्या. नव्या वसाहतीत सुरुवातीची वर्षं काढली असतील, तर असं एक माणूस तुमच्याही मजल्यावर असणार. त्यांना तुमचं घर आपलंच वाटतं, आणि हळूहळू तुम्हालाही ते पटायला लागतं.

वाशीत तेव्हा इमारती उभ्या राहिल्या होत्या, माणसं यायची होती. आमच्या मजल्यावर निम्म्या घरांना कुलूपं. दुकान लांब. मी जवळच्या पावणे औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात टायपिस्ट, नवरा तिथेच शेजारच्या कारखान्यात पाळीवर. समोरच्या घरात आपा एकट्या. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावच्या, पती बोटीवर, मुली सासरी गेलेल्या.

एकदा संध्याकाळी नवऱ्याच्या खात्यातले साहेब सपत्नीक अचानक आले. घरात ना बिस्किट, ना फरसाण. मी समोर धावले. आपा आल्या, आमचे डबे पाहिले. रवा, साखर, दुधाची पावडर, थोडं तूप. खिडकीत काळी पडलेली केळी, मी ती टाकूनच देणार होते.

"ही टाकायची? हीच तर पायजेत."

केळी कुस्करून त्यात सगळं ढवळलं, वेलची आणि चिमूटभर सोडा घातला. मिश्रण तूप लावलेल्या पातेल्यात ओतून पातेलं आपल्या घरून आणलेल्या शेगडीच्या मंद निखाऱ्यांवर ठेवलं, झाकणावरही निखारे पसरले. मग बाहेरच्या खोलीत जाऊन साहेबांना दरडावलं, "आता मोठ्याने कोनी बोलायचा नाय. फुगायचा थांबेल." साहेब खरोखरच कुजबुजत बोलायला लागले. घरभर केळ्या-वेलचीचा वास सुटला, तेव्हा त्यांनी खुणेनेच विचारलं, "झालं का?"

या पदार्थाला म्हणतात काय, असं साहेबांच्या बायकोने विचारलं. आपा म्हणाल्या, "नाव कशाला? खायाचा हाय ना?"

त्यानंतरच्या वर्षी माझे वडील गेले. गावात आईला एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून मी तिला मराठवाड्यातून इकडे आणलं. ती आली, पण मनाने इथे राहिली नाही म्हणा ना. दिवसभर बाल्कनीत खाडीकडे तोंड करून बसायची. पंपाच्या स्टोव्हची तिला भीती वाटे, त्यामुळे हाताला काम नाही. वाढलेल्या ताटातली अर्धी भाकरी मोडायची आणि ताट सरकवायची. "लेकीच्या दारी बसून किती खावं मानसानं?" एवढंच म्हणायची. तिचे गाल आत गेले, पोलकं खांद्यावरून ओघळायला लागलं. कामावर बसून मी पत्रं टाइप करायची आणि मनात यायचं, ही आता फार दिवस काढत नाही.

एका रविवारी आपा आपली शेगडी उचलून आमच्या बाल्कनीत आल्या. मागून केळ्यांचं पातेलं आलं.

"भैनी, माझं मनगट दुखतंय. ही केळी तुमी कुस्करा."

आई दचकली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग आपांकडे. अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्या हात लावू?"

त्या प्रश्नात काय होतं ते मला कळलं. आमच्या गावात वरच्या आळीची माणसं आमच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. आईने हात लावलेलं अन्न त्या आळीत कुणी कधी खाल्लं नव्हतं. आम्ही बुद्धाच्या वाटेने आलो, घरातली तसबीर बदलली, माझं शिक्षण झालं. पण आईचे हात परक्या भांड्यापाशी अजून थांबायचे.

आपांनी पातेलं तिच्या मांडीजवळ सरकवलं. "मंग काय पायाने कुस्करशील?"

आई हसली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा.

मग तिने बाह्या सारल्या. केळी कुस्करली, रवा मिसळला, मिश्रण बोटावर घेऊन बघितलं. शेगडी तर तिच्या ओळखीचीच. "खालचा इस्तू कमी करा, करपंल," म्हणत तिने चिमट्याने दोन निखारे उचलून झाकणावर ठेवले. आपा भिंतीला टेकून आरामात बसल्या. मनगट दुखत असल्याचं त्यांना आठवलं नसावं, कारण त्याच हाताने त्या जोरजोरात पंखा हलवत होत्या.

पातेलं उतरल्यावर आपांनी पहिला तुकडा आईच्या हातून मागून घेतला, फुंकर मारून खाल्ला आणि मान डोलावली. दुसरा तुकडा आईपुढे धरला. आईने नेहमीसारखी मान फिरवली.

"लेकीच्या घरचा नाय खायाचा ना? मग हा लेकीने कुठे केलाय? शेगडी माझी, केळी माझी, हात तुझे. तिला तर आपन पावनी म्हनून देनार."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग तुकडा तोंडात घातला. त्यानंतर आणखी एक घेतला. मी आत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

त्या दिवसापासून आई जेवायला लागली. दुपारी दोघी एकत्र बसायच्या. एकीची भाषा दुसरीला निम्मीच कळायची, पण बोलणं कधी थांबलं नाही. "आपा, तुम्ही मुद्दाम केलंत ना?" असं मी एकदा विचारलं. "मला काय ठाऊक? केळी काळी पडलेली," एवढंच त्या म्हणाल्या. आईची पुढची सगळी वर्षं आमच्याकडे गेली, ती त्या काळ्या केळ्यांची देणगी, असं मी मानते.

आपांचे पती बोटीवरची नोकरी संपवून परतले आणि दोघांनी गावी जायचं ठरवलं. सामानाचा ट्रक खाली लागला. मी आपांना वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आपा ट्रकमध्ये चढल्या. "ऱ्हावा नीट," आई म्हणाली. आपांनी ओढणीचं टोक तोंडाशी धरून मान हलवली.

कुणी घराबाहेर पडल्यावर लगेच केर काढू नये म्हणतात. आई संध्याकाळपर्यंत थांबली. मग केरसुणी घेऊन समोरच्या रिकाम्या घरात गेली. तिन्ही खोल्या झाडल्या, बाल्कनी धुतली, खिडक्या ओढून घेतल्या. आता नवे लोक येतील ते करतील, असं मी म्हटलं.

"नवे येतील तवा येतील," आई ओट्यावरून ओला फडका फिरवत म्हणाली. "आज तर तिचंच घर हाये."

आणि दिवा मालवायच्या आधी तिने ते सगळं घर एकदा डोळे भरून पाहून घेतलं.