आधी सासूचं वजन

कोंडाबाईला शिस्त नव्हती, हे आधीच सांगून टाकते. तिला फक्त नंबर कळायचा. गुजरातला लागून असलेल्या टोकरखाड्यातल्या आमच्या दवाखान्यात ती आया आणि मी सिस्टर, म्हणजे कागदोपत्री तिने माझं ऐकायचं. चार वर्षांत तिने माझं किती वेळा ऐकलं ते मी एका हाताच्या बोटांवर मोजून दाखवीन, आणि बोटं उरतील.

मी रत्नागिरीची नलिनी, ती चोपड्याकडची. तिचा नवरा वाळू जवळच्या सायली गावात सुताच्या कारखान्यात मशीनवर होता. चौऱ्याऐंशी साली तो आला, मागोमाग ही आली, आणि घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं म्हणून आमच्याकडे फरशी पुसायला लागली. फरशी, माठ आणि नंबर पुकारणं ही तिची कामं. पहिली दोन ती उरकायची, तिसरं मात्र मनापासून करायची.

एकदा एका मोठ्या साहेबांच्या बाई आल्या आणि रांगेकडे न बघता सरळ डॉक्टरांच्या दाराशी गेल्या. कोंडाबाई ओलं फडकं घेऊन आडवी आली.

"बाई, तुमना नंबर बावीस शे. आठे बसा."

"मी कोण आहे माहीत आहे का तुला?"

"तेच तं इचारी राहिनी. नाव सांगा, सिस्टर लिहून घेतीन."

बाई बसल्या. एका बाजूला लेकरू पाजणारी वारली बाई, दुसऱ्या बाजूला पट्टी बांधलेला बिहारचा कामगार, मध्ये बाईंची रेशमी साडी. आत डॉक्टर पेंडसे तोंडाला रुमाल लावून हसत होते आणि बाहेर मला घाम फुटला होता. माझी बदली काही झाली नाही, पण बाई गेल्यावर कोंडाबाईला मी चांगलंच बोलले. तिने ऐकून घेतलं आणि तेविसावा नंबर पुकारला.

तर नंबर सगळ्यांना सारखा होता. तक्रार मात्र सारखी नव्हती, कारण आमच्याकडे आजारी पडायची सून आणि बोलायची सासू. डॉक्टरांनी विचारावं "काय होतंय?" आणि मागून उत्तर यावं. भूक लागते का, सासूला ठाऊक. झोप येते का, तेही सासूलाच ठाऊक. खानदेशी असो, गुजराती असो, कोकणा असो, भाषा बदलायची पण बोलणारी बदलायची नाही. डॉक्टर सकाळी नव्वद पेशंट बघायचे, त्यांना उत्तराशी मतलब. मलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

सोनम अशीच यायची. विशीची पोर, पदरात दोन मुली, नवरा पप्पू दादऱ्याच्या एका कारखान्यात. पप्पू हा चोवीस वर्षांचा मिशीवाला गडी होता, पण नाव काही मोठं झालं नव्हतं. सोनमबरोबर तिची सासू बायडाबाई. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात दीड महिन्यात त्या तीनदा आल्या. तिन्ही वेळा बायडाबाई म्हणाली, "डोकं दुखस तिनं. गोळ्या द्या." तिन्ही वेळा गोळ्या दिल्या.

"सिस्टर," कोंडाबाई मला म्हणाली, "ती पोर बसत नही."

"बाकावर जागा नसेल."

"आख्खा बाक रिकामा पडेल शे. भिंत धरून उभी राहस. डोकं दुखणारं माणूस आधी बसस."

मी इंजेक्शनच्या सुया उकळत होते. म्हटलं, डॉक्टर बघतील. डॉक्टरांनी खरंच विचारलं, "आणखी काही त्रास?" सोनमने सासूच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. त्या दिवशी नळाशी कोंडाबाईने तिला गाठलं. एवढंच कळलं की दुखणं डोक्यात नाही, सांगण्यासारखं नाही, आणि सासूसमोर तर मुळीच नाही. डॉक्टर एकट्याने भेटले तर सांगेन, म्हणाली. पोर दिवसेंदिवस पांढरी पडत चालली होती. आता कोंडाबाईला तिचाच घोर लागला.

तिने हे मला सांगितल्यावर मी माझी शिकलेली पद्धत वापरली. पुढच्या खेपेला बायडाबाईला म्हटलं, "आजी, तुम्ही जरा बाहेर थांबा."

आजी! बाई पंचेचाळिशीची.

"मी काय परकी शे का? सून मी आनेल शे, मीच घरी लई जासू." तिने सोनमचं मनगट धरलं आणि दोघी औषध न घेता निघून गेल्या. पुढचे तीन आठवडे त्या फिरकल्या नाहीत. कोंडाबाई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. खरं सांगायचं तर दवाखान्यात इतकी शांतता मी पहिल्यांदाच अनुभवली, पण ती मला गोड लागली नाही.

तिसऱ्या दिवशी सोमवार होता. मी आत आले तर ड्रेसिंगच्या खोलीत धूळ खात पडलेला वजनकाटा पुसून लख्ख केलेला, शेजारी खुर्ची, खुर्चीवर उशी. आणि कोंडाबाई रांगेसमोर उभी राहून सांगत होती, "आजपासून नवा नियम. आधी सासूचं वजन. सासू तपासल्याबिगर सून तपासणार नही."

"कोणाचा नियम?" मी दातओठ खात विचारलं.

"वरून आला शे." तिने बोट वर केलं. वर पंखा होता.

मला वाटलं, आता सासवा हिला फाडून खातील. कसचं काय! पहिली सासू काट्यावर चढली तेव्हाच दुसरीने केस सारखे केले. जन्मात कोणी त्यांचं वजन केलं नव्हतं. कोंडाबाई त्यांना उशीवर बसवायची, हातात पाण्याचा पेला द्यायची आणि विचारायची, "आता तुमचं सांगा. तुमले काय होस? जेवन पचस का? झोप लागस का?" एवढं विचारलं की पाऊण तास कुठे गेला कळायचं नाही. तिला लिहिता फक्त आकडे यायचे, म्हणून एका जुन्या वहीत ती वजनं लिहायची. ती वही कोणी वाचणार नव्हतं.

तेवढ्या वेळात सून आत डॉक्टरांसमोर एकटी. मी दार लावून आत उभी. चार वर्षांत कळलं नव्हतं ते आठवड्यात कळलं. एकीला एवढ्यात तिसरं मूल नको होतं. एकीला नको त्या जागी खाज होती, ती सासू 'खोकला' म्हणून सांगत होती. एक नुसतीच रडली आणि डोळे पुसून म्हणाली, बरं वाटलं, जाते.

मग घोटाळा झाला. नियम वस्तीभर पसरला, तोही उलटा: सासू नसेल तर तपासतच नाहीत. एके सकाळी चंदा नावाची नवी सून एका म्हातारीला हाताला धरून आली. म्हातारीला धड दिसतही नव्हतं.

"या कोण?" मी विचारलं.

"शेजारीण. मला सासू नाही ना, म्हणून उसनी आणली."

मागे आणखी दोघींनी मान खाली घातली. त्याही उसन्याच घेऊन आल्या होत्या. त्यातली एक सासू तर त्याच सकाळी दुसऱ्या सुनेबरोबर वजन करून गेली होती, आणि अर्धा किलो भरली जास्त. डॉक्टर पेंडशांनी मला बोलावून विचारलं, "सिस्टर, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "वरून आलंय."

बायडाबाईला हे कळलंच. गल्लीतल्या सगळ्या जणी काट्यावर चढून आल्या आणि आपण राहिलो, हे तिला कसं सहन व्हावं? जुलैत एका सकाळी धुतलेलं लुगडं नेसून ती दारात उभी राहिली. मागे भिंत धरून सोनम.

"मनं वजन व्हवानं शे अजून," बायडाबाई म्हणाली.

कोंडाबाईने तिला सन्मानाने ड्रेसिंगच्या खोलीत नेलं. जाताना माझ्याकडे पाहिलं. मी सोनमला आत घेतलं आणि दार लावलं.

तिचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येत होतं. दुसऱ्या मुलीच्या बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी ती पाण्याला गेली होती, डोक्यावर एक हंडा, कमरेवर दुसरा. तेव्हापासून आठ महिने बसता येत नव्हतं, आणि ती डोकेदुखीच्या गोळ्या गिळत होती. त्या गोळ्या मी माझ्या हाताने पुडीत बांधून दिल्या होत्या. मला स्वतःचा राग आला. मी पडद्यामागे जाऊन उगाच कापूस नीट ठेवत राहिले.

डॉक्टरांना आणखी थोडा वेळ हवा होता. सासूला अडकवून ठेव, असं सांगायला मी ड्रेसिंगच्या खोलीत गेले. बायडाबाई अजून काट्यावरच उभी होती. वजन होऊन गेलं होतं, पण ती उतरत नव्हती.

"उशीवर बसा, म्हटलं," कोंडाबाई मला हळूच म्हणाली. "तं म्हणे, बसता येत नही."

बायडाबाई काट्याच्या सुईकडे बघत बोलली. "चोवीस वरीस झाले. पप्पू झाला, आन् दहाव्या दिवशी सासूनं हंडा दिला. मंग अंग बाहेर यायले लागलं. सासू दवाखान्यात लई गयी आन् सांगे, हिचं डोकं दुखस."

"मंग तुम्हीबी सोनमचं डोकंच सांगितलं?" कोंडाबाईने विचारलं.

"दुसरं काय सांगतात ते मले म्हाईतच नव्हतं. मले कोणी इचारलंच नही, माय. आन् तिले हंडा मीच दिला."

मग ती रडली. कोंडाबाईने तिला कवेत धरून खाली उतरवलं. तिच्या डोक्यावरून नेहमी फरशीचं पाणी पिळणारा हात फिरवला आणि माझ्यावर खेकसली, "सिस्टर, बघत काय राहिन्या? कागद आना. खरा."

मी पेशंटचा खरा कागद आणला. वर नाव लिहिलं, बायडाबाई. माझ्या आयुष्यात मी कोंडाबाईचा हुकूम इतक्या निमूटपणे कधी मानला नव्हता.

बायडाबाईचं ऑपरेशन वलसाडला झालं. सोनमला व्यायाम, औषध आणि वर्षभर ओझं बंद. आता घरात बायका दोन आणि हंडा दोघींनाही बंद, म्हणजे उरला पप्पू. पहिल्या दिवशी तो पहाटे अंधारात नळावर गेला, कोणी बघू नये म्हणून. पण एका खेपेत भागेना, आणि दुसऱ्या खेपेला उजाडलं. सगळी चाळ दात काढून हसली. नळावरच्या बायकांनी त्याला पुढे जाऊ दिलं, कारण त्यांना त्याचं चालणं नीट बघायचं होतं. कोंडाबाई कामावर येताना मुद्दाम त्या गल्लीतून यायला लागली.

आठ दिवसांनी पप्पूने ओट्यावर हंडा आदळला आणि आईला म्हणाला, "माय, कंबर गयी मनी."

"मंग जा दवाखान्यात," बायडाबाई म्हणाली. "आन् काय दुखस ते सोताच्या तोंडानं सांग. मी नही येणार संगे."